माझ्या लेकीचे नाना

खाजाभाई दुसऱ्याच्या गादीला पहिली कात्री कधीच लावत नसत. नांदेडात आमच्या घरासमोर त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. कुणी जुनी गादी पिंजायला घेऊन आलं की ते कात्री काढून गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचे आणि म्हणायचे, "उसवनं तुमचं, पिंजनं माझं." मग येणारा तहसील कचेरीतला साहेब असो नाहीतर नवी नवरी असो, त्याला तिथं उकिडवं बसून गादीची एक बाजू उसवावी लागे, आत हात घालून चाचपावं लागे. मगच खाजाभाई कापसाला हात लावत. फार वर्षांपूर्वी एका बाईने गादीत दडवलेली कानातली फुलं गेली म्हणून त्यांच्यावर आळ घेतला होता. फुलं पुढे तिच्याच पिठाच्या डब्यात सापडली. बाई माफी मागायला काही आली नाही. तेव्हापासून हा नियम होता.

मी त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहायला बसलोय खरा, पण आधी एक कबूल करून टाकतो. हा माणूस जिवंत होता तोवर मी त्याच्यावर जळलो. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की होतो तसला दोन दिवसांचा जळफळाट नाही. ते समोर नुसते हसले तरी माझ्या पोटात दुखायचं. कारण एकच. माझी मुलगी ओवी त्यांना नाना म्हणायची, आणि त्या हाकेत जेवढा जीव होता तेवढा तिच्या 'पप्पा'त नव्हता.

ते उंच होते, पाठीतून वाकलेले, आणि भुवयांवर कायम कापूस. दाढीला मात्र न चुकता मेंदी. दर शुक्रवारी नमाजाला निघण्याआधी दुकानाच्या काचेत पाच मिनिटं दाढी निरखायचे आणि कुणी पाहिलं की काच पुसत असल्याचा बहाणा करायचे. स्वभावाने हेकट. फोमच्या गादीचं नाव काढलं की भडकायचे. त्यांचा मुलगा रफीक लातुरात तयार फोमच्या गाद्यांचंच दुकान चालवायचा, हे त्यांचं मोठं दुखणं होतं. "फोमवर मानूस पडतो, झोपत न्हाई," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि मग हळूच विचारायचे, "लातूरला गेलात तर माझ्या पोराचं दुकान बघून या." जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कापसाचा दाखला असे. मला ते दाखले ऐकवत नसत. ओवीला ते तोंडपाठ होते.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. आधी दारू आली की आधी उदासी, हे मला आजही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्हींचा इलाज एकदमच करावा लागेल. सकाळी उठवत नव्हतं, संध्याकाळी घेतल्याशिवाय बसवत नव्हतं. शेवटी लातूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात साडेचार महिने राहायचं ठरलं. निघताना ओवीने विचारलं, "पप्पा, घरात कुठं लपवलेली तर नाही ना?" ती तेव्हा दुसरीत होती. मी तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हणालो, "तुझ्या गळ्याची शपथ. घरात एक थेंब नाही." आमच्याकडे लेकराच्या गळ्याची शपथ कुणी खोटी घेत नाही. त्या घटकेला मला ती खरीच वाटत होती, इतकं माझं डोकं ठिकाणावर होतं.

माझी बायको वर्षा एका दवाखान्यात नर्स आहे. ओवीची शाळा साडेबाराला सुटायची, वर्षाची ड्यूटी चारला संपायची. माझी आई चाकूरला अंथरुणाला खिळलेली, म्हणजे तिकडूनही कुणी येण्यासारखं नव्हतं. मधले साडेतीन तास पोरीला ठेवायचं कुठं, या विचारात वर्षा दारात उभी होती. समोरून खाजाभाईच म्हणाले, "सोडा की हितं. गादीवाल्याच्या दुकानात लेकरू कुटंबी पडलं तरी लागत न्हाई त्याला." हे मला वर्षाने केंद्रात भेटायला आल्यावर सांगितलं. मी म्हणालो, "बरं झालं." ते मनापासून म्हणालो. मनापासून म्हटलेलं ते शेवटचंच.

पुढच्या रविवारपासून सुरू झालं. ओवी यायची, केंद्राच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसायची आणि नानांचं सांगायची. नानांनी दाभण ओवायला शिकवलं. नानांनी वेणी घातली, दोरा वळतात तशी, दिवसभर सुटत नाही. नाना दोन पाढे चुकीचे म्हणतात, मी दुरुस्त केले. मी हसून ऐकायचो. तिच्या शाळेच्या डायरीत पालकाच्या सहीच्या जागी उर्दूत सही होती. वर्षाची सही गडबडीत राहायची म्हणून खाजाभाईच करायचे आणि शाळेतल्या बाईंनीही हरकत घेतली नाही. ती सही मी बराच वेळ पाहत बसलो. केंद्रात रोज मनातलं वहीत लिहावं लागे. एक दिवस तिथल्या समुपदेशक मॅडम वही चाळून म्हणाल्या, "तुमच्या वहीत दारूपेक्षा हे गादीवालेच जास्त दिसतात." मी म्हणालो, शेजारी आहेत, चांगले आहेत. त्यांनी फक्त पेनाला टोपण लावलं.

बरा होऊन घरी आलो तो दिवस मी कितीदा तरी मनात रंगवला होता. रिक्षातून उतरलो, ओवी दुकानात कापसाच्या ढिगावर बसलेली होती. मला पाहून ती उठली, आणि आधी खाजाभाईंकडे बघून म्हणाली, "जाऊ?" त्यांनी मान हलवली तेव्हा ती पळत आली. मला बिलगली, हसली, रडलीही. पण माझ्या डोक्यात तो 'जाऊ' जाऊन बसला. माझ्याकडे यायला माझ्याच लेकीने परवानगी विचारावी, आणि तीही त्या आयत्या बिळावरच्या नागोबाला!

मग मी चढाओढ सुरू केली. चाळिशीतला माणूस, पण शोभेल असं काही केलं नाही. तिला सायकल आणली. ती चालवत चालवत ती थेट दुकानासमोर जाऊन थांबली. आइस्क्रीम आणलं, तिने अर्धं नानांसाठी ठेवलं आणि ते आसरची, म्हणजे दुपारनंतरची नमाज पढून येईपर्यंत वितळलं, तर वाटी फ्रीजमध्ये ठेवायची म्हणून माझ्याच हातात दिली. वेणी घालायला बसलो तर म्हणाली, "राहू द्या पप्पा, तुमची ढिली होते." एकदा नाकाला मिरच्या झोंबल्या तसा मी वर्षाला म्हणालो, "उद्यापासून ती त्या दुकानात जाणार नाही."

"मग कुठं जाणार?" वर्षाने विचारलं. "तुम्ही तीनपर्यंत कॉलेजात, मी चारपर्यंत दवाखान्यात. अन् अहो, त्यांनी पोरीला सांभाळलं म्हणून तुम्ही लातुरात निवांत बसू शकलात. हे तरी ध्यानात ठेवा."

ध्यानात होतंच. उपकार कळत होते म्हणूनच तर जास्त जळत होतो. ज्याला शिव्याही घालता येत नाहीत अशा माणसावर जळणं फार वाईट.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. रोज शाळेतून आली की ओवी खाजाभाईंसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "नाना, आ करा." ते काम थांबवून गुडघ्यावर बसायचे आणि तोंड उघडायचे. ती नाक जवळ नेऊन हुंगायची, मग त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणायची, "पास." ते म्हणायचे, "शुक्रिया बाईसाहेब." मला आधी वाटलं, खेळ असेल. एके दिवशी तिला विचारलं.

ती आवाज बारीक करून म्हणाली, "पप्पा, कुणाला सांगू नका. नाना पण प्यायचे. लपवून. मी सोडवली त्यांची."

पाच वेळा नमाज पढणारा माणूस, आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता. मी तसाच चपला घालून समोर गेलो. त्यांनी कापूस पिंजायचं यंत्र बंद केलं. उडालेला कापूस खाली बसू दिला.

"तुमी लातूरला होता तवा वर्षाताईंनी तुमची गादी पिंजाय दिली," ते म्हणाले. "त्यांना ड्यूटीची घाई. म्हनल्या, ओवी उसवंल. माझा नियम तर तुमाला ठावंच हाय. कात्री दिली लेकराच्या हातात. भितीकडच्या कोपऱ्यात हात घातला अन् चपटी काढली तिनं. निम्मी भरलेली."

मला ती बाटली आठवली. मीच एका बाजूची शिवण उसवून ती आत सारली होती आणि वरून घाईघाईने टाके घातले होते. नंतर तिथं आहे हेसुद्धा विसरलो होतो.

"मला म्हनली, नाना, पप्पांनी माझ्या गळ्याची शपथ घेतलीती, घरात न्हाई म्हनून. मंग ही कुनाची? अन् सर, तिनं असा आपल्या गळ्याला हात लावला." खाजाभाईंनी स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवली. "म्या म्हनलो, माझी हाय. गादीत म्याच ठिवली व्हती, दुकानात दिसू नये म्हनून. दुसरं काय म्हनू? तोंडाला आलं ते बोललो."

"तिने मानलं?"

"हाव. आठ दिस बोलली न्हाई माझ्यासंगं. हितंच बसायची, पर पाठ करून. नवव्या दिशी म्हनली, नाना, आ करा. तवापास्नं रोज." ते हसले. मग हळूच म्हणाले, "शाळेत मैत्रिनीला बोलली आसंल. मशिदीतबी एकदोघांनी इचारलं मला."

आता इथे चांगल्या माणसाने त्यांचे पाय धरले असते. मी तो चांगला माणूस नव्हतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते आठ दिवसांचं रुसणं माझं होतं. ते रोज तोंड हुंगणं माझं होतं. ती 'पास' म्हणून खांदा थोपटायची, ती माफी माझ्या नावची होती आणि हा माणूस ती रोज दुपारी गुडघ्यावर बसून घेत होता. मी तसं बोलूनही दाखवलं. म्हणालो, "खाजाभाई, तुम्ही माझं हक्काचं घेतलंत."

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी दाढीतला कापूस काढला आणि म्हणाले, "घेतलं खरं. तुमी आलात त्याच दिशी सांगाया पायजे व्हतं. पर सर, मला सोडवंना झालं. घरात कोन हाय माझ्या? रफीक जुम्म्याला फोन करतो, तब्येत इचारतो, ठिवतो. अन् ही पोरगी रोज तोंडाजवळ नाक आनून बघती, नाना जित्ता राहावा म्हनून. लालूच लागली मला." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमचं हाय ते घ्या परत. अडवलं कुनी? पर सांगितल्यावर ती रुसली तर लगीच मनवाय जाऊ नका. रुसू द्या तिला."

मी केंद्रातल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, थोडक्यात सांगा, आणि तिच्यासमोर रडू नका, नाहीतर तिलाच तुमचे डोळे पुसत बसावं लागेल. रविवारी सकाळी वर्षाला शेजारी बसवून मी ओवीला सांगितलं. ती बाटली नानांची नव्हती, माझी होती. तुझ्या गळ्याची शपथ मी खोटी घेतली.

तिने फरशीच्या फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला दिवाळीत ताप आला होता. तो त्याच्यानं?"

दारूनेही मला जेवढं मोडलं नव्हतं तेवढं त्या प्रश्नाने मोडलं. मॅडमचं ऐकून डोळे कोरडे ठेवले, एवढंच. "नाही," मी म्हणालो. "शपथेनं ताप येत नाही. तुझ्यामुळं काही झालं नाही अन् तुला काही होणार नाही. खोटं माझं होतं."

ती उठली, रस्ता ओलांडून दुकानात गेली आणि विचारलं, "नाना, तुम्ही खोटं बोललात?" ते म्हणाले, "हाव." झालं. दोघांशीही बोलणं बंद. वर्षाने ते दोन आठवडे दुपारची रजा घेतली होती म्हणून ओवी घरीच थांबायची. मी कॉलेजातून आलो की दुकानात जाऊन बसायचो. खाजाभाई बशीत चहा ओतून द्यायचे आणि आम्ही दोघे वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे समोरच्या खिडकीकडे बघत बसायचो. दोघांचंही लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. ती आधी कुणाशी बोलेल?

अकराव्या दिवशी ती खिडकीतून ओरडली, "नाना, मोठी सुई द्या, दप्तर फाटलंय!" खाजाभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतके ते खूश झाले होते. मी घरी येऊन दार आपटलं.

माझ्याशी ती आणखी तीन दिवसांनी बोलली. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि तोंड उघडलं. एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं. तिने मान हलवली. "तुमचं नाही हुंगणार. तुम्हीच सांगायचं रोज." तेव्हापासून मी रोज सांगतो. कधी कधी सांगताना आवाज कापतो, तेव्हा ती पुस्तकातून मान वर करून ऐकते आणि परत वाचायला लागते.

ओवीला सांगितलं, गल्लीला मात्र सांगितलं नाही. गादीवाला म्हातारपणी प्यायला लागला होता, ही कुजबूज तशीच राहिली. मी एकदा खाजाभाईंपाशी विषय काढला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गल्ली काय तुमची लेक हाय का? उगं कॉलेजात तुमचं नाव निघंल." मी ते लगेच मान्य केलं. फारच लगेच. इतकं मोठं मन असलेल्या माणसाचा मला तेव्हा पुन्हा राग आला, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या वर्षी त्यांचा खोकला वाढला. छातीत कापूस बसलाय, असं ते म्हणायचे. डॉक्टरही जवळपास तसंच म्हणाले. रफीक जीप घेऊन आला आणि त्यांना लातूरला घेऊन गेला. जाताना ओवी त्यांच्या सदऱ्याला धरून रडत होती आणि मी सामान उचलत होतो. खरं सांगायचं तर सामान जरा जास्तच चपळाईने उचलत होतो. आता दुपार माझी होणार होती. दुपार झाली, पण रिकामी झाली. ती खिडकीशी बसून बंद शटरकडे बघायची आणि मी तिच्याकडे.

तिथंच दोनेक वर्षांनी ते वारले, आम्हाला ते उशिरा कळलं. रविवारी आम्ही तिघं लातूरला रफीकच्या घरी गेलो. त्याने चहा मागवला, ओवीकडे बघून म्हणाला, "तीच का ही? अब्बा दिवसभर हिचंच बोलायचे." त्याने हे ज्या नजरेने म्हटलं ती मी ताबडतोब ओळखली. मी स्वतः ती कितीतरी महिने वापरली होती.

मग तो वर्षाकडे वळून म्हणाला, "ताई, नांदेडच्या लोकांनी मला फोन करून सांगितलं तेव्हाच मी त्यांना इकडं आणायला पायजे होतं. ह्या वयात दारूचा नाद! इथं आल्यावर मी सोडलं नाही त्यांना. मशिदीतून आले तरी दारात खिसे तपासायचो. अब्बा एका शब्दानं बोलले नाहीत कधी. हात वर करून उभे राहायचे."

ओवीने माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांची झाली होती. ती नुसती पाहत राहिली. ते मीच सांगायचं होतं, हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

"रफीकभाई," मी म्हणालो, "तुमच्या वडिलांनी कधी दारूला हात लावला नाही. ती बाटली माझी होती."

मी सगळं सांगितलं. गादी, शपथ, आठ दिवस, गल्ली, माझं गप्प राहणं. रफीक हातातला कप तसाच धरून बसला. मग त्याने दाराकडे पाहिलं, जिथं ते रोज उभे राहत असतील, आणि कप खाली ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या आईची भिंतीवरची तसबीर आणि आम्ही चौघं, दुसरं कुणी नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात ओवी उठली. मला वाटलं, ती रफीककडे जाईल, नानांच्या माणसाकडे. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला. एका माणसाने आपल्या पोराच्या नजरेतून उतरून मला हे मिळवून दिलं होतं, आणि तो पोरगा समोर रडत होता. तरीसुद्धा त्या घटकेला माझ्या मनात पहिलं काय आलं, तर ती नानांकडे नाही, माझ्याकडे आली.